लॅपटॉपची झोपमोड

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटची रात्र म्हणजे पुण्याची सकाळ. उन्हाळ्यात अंतर साडेबारा तासांचं. रात्री साडेनऊला जेवणाचं टेबल आवरायचं, त्यावरच लॅपटॉप उघडायचा आणि सकाळी दहाला बसलेल्या पुण्याच्या ऑफिसशी बोलायचं. परवा अशीच एक मीटिंग आटोपून झोपलो. रात्री तीनला पाणी प्यायला उठलो, तर अंधारात पंख्याची घरघर. लॅपटॉपचा पडदा काळा, पण तळ कोमट तव्यासारखा. दहा मिनिटं कुणी हात लावला नाही तर झोप, असं मीच त्याला सांगून ठेवलं होतं.

लॅपटॉपची झोप म्हणजे बंद होणं नव्हे. नेहमीच्या झोपेत प्रोसेसर विसावतो, पण मेमरीला वीज लागतेच. तिच्या प्रत्येक कप्प्यात चिमूटभर विद्युतभार असतो आणि तो सतत गळतो. गळक्या मडक्यात पाणी घालत राहावं, तसा प्रत्येक कप्पा साधारण दर 64 मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो. म्हणून झोपलेल्या लॅपटॉपचीही बॅटरी थोडी थोडी उतरते. झोपेच्या या पायऱ्या इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी 1996 साली आणलेल्या एसीपीआय या मानकात ठरवून दिल्या आहेत.

झोपायचं केव्हा, हे मात्र एकट्या घड्याळावर ठरत नाही. एका खोलीत सगळं घर झोपायचं, तेव्हा 'दिवा मालवू का?' असं विचारलं जाई. एखादा पुस्तकात बुडालेला असेल तर 'थांब जरा' म्हणे आणि दिवा राही. लॅपटॉपमध्ये हेच चालतं. सिनेमा चालू असतो, फाइल उतरत असते, म्हणून एखादा प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टीमला 'थांब' सांगतो. असा एक 'थांब' शिल्लक असला तरी झोप नाही. सोय चांगलीच आहे, नाहीतर ऐन रंगात आलेला सिनेमा काळा पडला असता. घोटाळा होतो तो वाचणारा 'आता मालव' सांगायचं विसरून स्वतःच घोरायला लागतो तेव्हा.

गंमत अशी, की या प्रत्येक 'थांब'ची नोंद असते. आपण ती न बघता सेटिंग्ज चाळत बसतो, नाहीतर थेट विंडोज नव्याने टाकायला निघतो. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा आणि 'पॉवरसीएफजी' ही कमांड 'रिक्वेस्ट्स' या पर्यायासह द्यायची. डिस्प्ले, सिस्टीम, अवेमोड अशी शीर्षकं येतात. कुणाची हरकत नसेल तर प्रत्येकाखाली 'नन'. माझ्याकडे सिस्टीमखाली ऑडिओ ड्रायव्हरचं नाव होतं आणि पुढे शेरा: ऑडिओ स्ट्रीम वापरात आहे. रात्री तीनला, घरात कुणी चकार शब्द काढत नसताना! मीटिंगचा प्रोग्रॅम खिडकी बंद केल्यावरही घड्याळाशेजारच्या कोपऱ्यात दडून बसला होता आणि आवाजाचा धागा त्याने सोडलाच नव्हता. राइट क्लिक, 'क्विट'. पुन्हा विचारलं, तर सगळीकडे नन. थोड्या वेळाने पंखा थांबला.

मॅकवर अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरच्या एनर्जी भागात 'प्रिव्हेंटिंग स्लीप' असा रकानाच असतो. ज्याच्यापुढे 'येस', तो जागवणारा.

बॅगेत तापणारा लॅपटॉप हे दुखणं वेगळं. झाकण मिटलं की सहसा कुणाचा 'थांब' ऐकला जात नाही. लॅपटॉप झोपतो, पण नंतर कुणीतरी उठवतं. कुणी उठवलं ते विंडोजवर 'पॉवरसीएफजी'च्याच 'लास्टवेक' या पर्यायाने कळतं, आणि पुढचे गजर कुणी लावलेत ते 'वेकटायमर्स'ने. शिवाय अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये जुनी गाढ झोप राहिलेलीच नाही. त्यांची 'मॉडर्न स्टँडबाय' म्हणजे फोनसारखी डुलकी: पडदा बंद, आत मेल येतच असतात. मला ही सुधारणा कधीच पटली नाही.

त्यामुळे झाकण मिटल्यावर हायबरनेट, असं मी लावून टाकलं. त्यात मेमरीतला मजकूर डिस्कवर उतरतो आणि मेमरीची वीजही तुटते. वॉर्म स्प्रिंग्ज स्टेशनहून बार्ट रेल्वेने सॅन फ्रान्सिस्कोला जाताना मांडीवरची बॅग आता गार असते. उघडल्यावर लॅपटॉप उठायला जरा वेळ लावतो. तोवर मी खिडकीबाहेर बघतो.