हिरवळीची रब्बी पेरणी

न्यू जर्सीत ऑगस्टचा शेवटचा आठवडा येतो तेव्हा घरापुढच्या लॉनची अवस्था काही दृष्ट काढण्यासारखी नसते. कुठे पिवळे चट्टे, कुठे उघडी पडलेली माती, फुटपाथच्या कडेने माजलेलं क्रॅबग्रास. नेमक्या याच सुमाराला हार्डवेअरच्या मोठ्या दुकानांच्या दाराशी गवताच्या बियाण्याच्या पिशव्यांची थप्पी लागते. एडिसन, पार्सिपनीकडे लेकीसुनांकडे गेलेल्या आपल्या आईवडिलांना हे जरा चमत्कारिक वाटतं. थंडी दोन महिन्यांवर आलेली, त्यामागून बर्फ. मग आत्ता कसली पेरणी? पण ज्यांनी शेतात गहू-हरभरा केलाय, त्यांना हे कोडं पडायचं कारण नाही. ही रब्बीची पेरणी आहे.

अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या लॉनमध्ये मुख्यतः तीन गवतं असतात: केंटकी ब्लूग्रास, टॉल फेस्क्यू आणि पेरेनियल रायग्रास. तिन्ही युरोपातून गेलेली, केंटकीचं नाव लावणारंसुद्धा. तिन्ही गव्हाच्या गटातली. या गटाच्या पानांत हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडण्याचं काम रुबिस्को नावाचं विकर करतं, आणि हवा तापली की ते चुकायला लागतं. कार्बन डायऑक्साइडऐवजी अधूनमधून ऑक्सिजनच उचलतं. ही चूक निस्तरताना कमावलेल्या कार्बनचा काही भाग गवताच्या हातून जातो. त्यात जुलैच्या गरम रात्री श्वसनाचा खर्च वाढलेला असतो. आमदनी घटलेली, खर्च वाढलेला. मग ब्लूग्रास सरळ दुकान बंद करतं. पानं वाळू देतं आणि जमिनीलगतचा बुडखा तेवढा जिवंत ठेवतं. मालकाला वाटतं, लॉन मेलं.

ऊस, मका, ज्वारी यांनी या अडचणीवर तोड काढली आहे. ती कार्बन डायऑक्साइड आधी पानाच्या आतल्या पेशींत दाटीने गोळा करतात, मग रुबिस्कोच्या हाती देतात. त्यामुळे उन्हाळा त्यांना मानवतो. याच गटात आहे आपली दूर्वा. बाप्पाला जिची जुडी वाहतो आणि शेतकरी जिला हरळी म्हणून वैतागून खणून काढतो, तीच वनस्पती अमेरिकेत बर्म्युडा ग्रास म्हणून ओळखली जाते. टेक्सास-जॉर्जियात तिचीच लॉनं आहेत. तेव्हा डॅलस-अटलांटाच्या मंडळींनी हा लेख वाचून सप्टेंबरात बी फेकू नये. त्यांचं गवत खरिपाचं. उलट न्यू जर्सीतल्या फेस्क्यूमध्ये दूर्वा शिरली, तर ती तण ठरते. कडक थंडी पडली की ती वाळलेल्या काडीसारखी पिवळी पडते आणि वसंत चांगला मुरेपर्यंत तशीच राहते.

सप्टेंबरचं खरं भांडवल म्हणजे जमीन आणि हवा यांच्यातला फरक. उन्हाळाभर तापलेली माती लवकर निवत नाही, हवा मात्र उतरलेली असते. बी उगवतं मातीच्या उबेवर. या गवतांची पानं वाढतात ती साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअसला, आणि मुळ्या मातीचं तापमान १० ते १८ अंश असताना सर्वांत जोमाने. म्हणजे वर पानांची वाढ मंदावली तरी खाली मुळ्यांचं काम नोव्हेंबरपर्यंत चालू राहतं. शिवाय प्रतिस्पर्धी नाही. क्रॅबग्रास हे एकाच हंगामाचं तण, पहिल्या कडक दंवात ते मरतं, आणि मध्य न्यू जर्सीत हे दंव बहुधा ऑक्टोबरात पडतं. एप्रिलमध्ये पेरलं तर याच्या नेमकं उलट होतं. कोवळ्या रोपाबरोबर क्रॅबग्रासही उगवतं आणि मुळ्या खोल जाण्याआधीच जुलै येऊन ठेपतो. तरीही शेजाऱ्याचं पाहून लोक वसंतातच बियाण्याची पिशवी आणतात. याला पैसे मातीत घालणं असंच म्हणावं लागेल.

पेरण्याआधी मशागत. नव्या वसाहतींमध्ये बांधकामाच्या अवजड यंत्रांनी जमीन दाबून टाकलेली असते. मातीच्या कणांमधली पोकळी गेली की मुळ्यांना ऑक्सिजन मिळत नाही आणि पाणी वरच्या वर वाहून जातं. त्यासाठी कोअर एरेटर नावाचं यंत्र अर्ध्या दिवसाच्या भाड्याने मिळतं. त्याचे पोकळ दाते जमिनीत घुसतात आणि बोटाएवढी मातीची नळी उपसून वर टाकतात, दोन-तीन इंच लांब. अशी एखादी नळी हातात घेऊन नीट बघावी. वर हिरवा तुरा, त्याखाली तपकिरी, स्पंजसारखा दबणारा थर, मग माती आणि तीत पांढऱ्या मुळ्यांचे धागे. तपकिरी थर म्हणजे थॅच. तो अर्ध्या इंचापेक्षा जाड असेल, तर पाणी आणि बी दोन्ही तिथेच अडकतात. कापलेल्या गवताने थॅच साठतो हा सार्वत्रिक गैरसमज आहे. कापलेल्या पात्यांत बहुतांशी पाणीच असतं, ती थोड्या दिवसांत कुजून जातात. थॅच होतो तो लवकर न कुजणाऱ्या खोडांचा आणि मुळ्यांचा. नळ्या उचलून टाकायच्या नाहीत. पावसाने त्या विरघळतात आणि त्यातल्या मातीतले सूक्ष्मजीव थॅचला लागतात. यंत्र चालवायचं ते वाफसा बघून, चिकट चिखलात नाही.

मग नांग्या भरायच्या. ब्लूग्रासचं बी इतकं बारीक की किलोत चाळीस लाखांहून जास्त दाणे बसतात. फेस्क्यूचे पाच लाखांच्या आसपास. दंताळ्याने हलकी ओरखडलेली माती आणि तिला टेकलेलं बी, एवढं पुरतं. खोल गाडलं तर कोंब वर येईपर्यंत दाण्यातली शिदोरी संपते. खरी फसगत पाण्यात होते. बाजारातल्या पिशव्या बहुधा मिश्र बियाण्याच्या असतात. रायग्रास पाच ते दहा दिवसांत उगवतं, फेस्क्यू सात ते बारा, ब्लूग्रास मात्र दोन ते चार आठवडे घेतं. दहाव्या दिवशी जमीन हिरवी दिसली की मालक रोजचं शिंपण थांबवतो, आणि ज्याच्यासाठी पिशवी आणली ते ब्लूग्रास कोंबातच वाळतं.

रायग्रासची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात सी. रीड फंक यांनी लॉनच्या गवतांच्या पैदाशीचं काम उभं केलं. त्यांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून चिवट रायग्रासची रोपं गोळा केली आणि त्यांतून १९६७ साली ‘मॅनहॅटन’ नावाचं वाण आणलं. पायदळी तुडवलं जाऊनही ज्या जागी गवत टिकलं, तिथूनच निवड केली! आपल्याकडे शेतकरी तग धरलेल्या कणसाचं बी राखून ठेवतो, त्यातलाच हा प्रकार.

खताचा मामला नाजूक आहे. शरदात वाढ मंदावते, पण पानं उन्हातून साखर बनवतच राहतात. ही साखर फ्रुक्टान नावाच्या साठ्याच्या रूपात बुडख्यात जमते. तीच थंडीत पेशी वाचवते आणि वसंतात पहिली पालवी फोडते. सप्टेंबर-ऑक्टोबरात दिलेला माफक नत्र याच कामी येतो, फुटवेही वाढतात. हात सैल सुटला तर कोवळी, रसरशीत पानं येतात आणि बर्फाखाली त्यांवर स्नो मोल्ड ही बुरशी बसते. उरलेलं खत पावसाबरोबर गटारात, तिथून खाडीत जातं. बार्नेगट बे या खाडीत शेवाळाचा सुळसुळाट झाल्यावर न्यू जर्सीने २०११ साली कायदाच केला. घरमालकाला १५ नोव्हेंबर ते १ मार्च या काळात लॉनला खत घालता येत नाही. माती तपासणीत कमतरता दिसल्याशिवाय किंवा नवी लागवड, डागडुजी असल्याशिवाय स्फुरदही नाही. हे अतिरेकी वाटत असेल, तर संशोधक क्रिस्टिना मिलेसी यांचा २००५ सालचा अंदाज पाहावा. उपग्रहांच्या माहितीवरून त्यांनी अमेरिकेतल्या लॉनचं क्षेत्र सुमारे १,२८,००० चौरस किलोमीटर काढलं, गोल्फची मैदानं धरून. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त जमीन, आणि खायला एक दाणा नाही.

ऑक्टोबरात मेपल आणि ओकची पानं गळू लागतात. ती झाडून, पिशव्यांत भरून रस्त्याकडेला ठेवण्यात शनिवार-रविवार जातात. दाट थर तसाच राहू देणं वाईटच, कारण खालच्या गवताला अजून ऊन हवं असतं. पण मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या प्रयोगांत असं दिसलं आहे की पानं गवत कापायच्या मोअरने बारीक करून लॉनमध्येच जिरवली तर गवताचं काही बिघडत नाही. मेपलच्या पानांनी तर डँडेलियनचं तणही कमी झालं. चुरा गवताच्या पात्यांमधून खाली उतरला पाहिजे, वर साचून राहता कामा नये. त्यासाठी एकाच जागेवरून दोन-तीनदा मोअर फिरवावा लागतो. सकाळची ओली पानं यंत्राच्या पोटाला चिकटून बसतात. दुपारी ती कुरकुरीत झाली की मग यंत्र बाहेर काढावं.