दहावीच्या खेळाडूचे वेळापत्रक

१ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य जिंकले, त्यानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी थेट ७२ वर्षे थांबावे लागले. दोघांच्या जिद्दीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच आहे. पण राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील २००९ साली, शाळकरी वयात, राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. राहणे, जेवण, शाळा आणि सराव यांची सांगड तिथे संस्थेनेच घालून दिलेली असते. घरी वडील शिक्षक, आई गावच्या सरपंच. अभ्यास, खेळ आणि गाव या तिन्हींचा मेळ पोराने एकट्याने घालावा, अशी वेळ त्याच्यावर आली नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की हा मेळ घालून देणे हे मोठ्यांचे काम आहे. साध्या शाळेतल्या हजारो खेळाडूंच्या बाबतीत आपण ते मुलांवरच ढकलून मोकळे झालो आहोत.

अशा मुलाचा दिवस मांडून पाहावा. या वयाला आठ ते दहा तास झोप हवी, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. शाळेचे सहा तास, सकाळ-संध्याकाळ मिळून सरावाचे तीन, वर जेवणखाण, जाणे-येणे आणि क्लास. हिशेब जमतच नाही. मग पहिली काटछाट झोपेत होते. त्यात वर्षाची रचनाही आड येते. सतरा वर्षांखालील गटाच्या शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी सरकतात आणि राष्ट्रीय पातळीवर पोचणाऱ्याचा मुक्काम अनेकदा हिवाळ्यात, म्हणजे बोर्डाच्या तयारीच्या ऐन भरात, परगावी पडतो. बोर्ड फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे मुलगा जितका चांगला खेळेल तितके त्याचे वर्ग जास्त बुडणार. परतल्यावर बुडालेला प्रयोग, राहिलेली तोंडी परीक्षा, दुसऱ्याच्या वहीतून उतरवून घ्यायचे धडे. हे सगळे त्याने विनंत्या करत पदरात पाडून घ्यायचे.

यावर उत्तर दिले जाते, की खेळाडूंना बोर्डात सवलतीचे गुण आहेत, पुढे सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, आणखी काय हवे? या सवलती मोलाच्या आहेत आणि बोगस प्रमाणपत्रांच्या प्रकरणांमुळे त्या रद्द कराव्यात, असे मला मुळीच वाटत नाही. पण गुण निकालाच्या दिवशी मिळतात, बुडालेला तास भूमितीच्या प्रमेयासकट बुडालेलाच राहतो. दुसरा आक्षेप पालकांचा, आणि तो जास्त प्रामाणिक आहे: शेकड्यात एखादाच पुढे जातो, बाकीच्यांचे काय? अगदी खरे. म्हणूनच अभ्यास सुटता कामा नये आणि तो सुटणार नाही याची हमी शाळेने द्यायला हवी. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि पुढे उपजिल्हाधिकारी झाली. मैदान संपल्यावरही आयुष्य बरेच उरते, तेव्हा शिक्षणच हाताशी येते.

राहिला समाज. आधीच दमलेल्या मुलावर हे तिसरे ओझे कशाला, असे कोणी विचारेल. सेवेचे तास भरून प्रमाणपत्र मिळवायचे असेल तर ते ओझेच आहे. पण आपल्याकडे खेळ मुळातच गावाच्या आधाराने वाढला. कुस्ती गावच्या तालमीत आणि कबड्डी गल्लीतल्या मंडळात. खाशाबांना हेलसिंकीला पाठवायला लोकांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. पदक घेऊन परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून ते कर्ज फेडले. गाव आणि खेळाडू यांचे देणे-घेणे असे दोन्ही बाजूंनी चालते. आजच्या खेळाडूने रविवारी तासभर धाकट्यांना सूर मारायला किंवा चढाई करायला शिकवले, तर त्याचा स्वतःचा सरावही होतो आणि मैदानाला पुढची पिढीही मिळते. वेगळा उपक्रम काढायची गरजच नाही. निवासी प्रबोधिन्या कितीही चांगल्या असल्या तरी त्यांत जागा मोजक्याच. शिवाय मूल घरापासून तुटते. त्यामुळे खरी व्यवस्था गावच्या शाळेतच उभी राहायला हवी.

आणि तिला फार पैसा लागत नाही. भाषा, गणित, विज्ञान या विषयांतले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे किंवा तोंडी-प्रात्यक्षिकाचे असतात आणि त्यांचे वेळापत्रक बरेचसे शाळेच्या हाती असते. स्पर्धेवरून परतलेल्या मुलासाठी ती परीक्षा आठवडाभर पुढे ढकलता येते. संघाबरोबर जाणाऱ्या क्रीडाशिक्षकाच्या हाती त्या पंधरवड्याचा अभ्यास देता येतो. पाच ते सतरा वयाच्या प्रत्येक मुलाने रोज सरासरी ६० मिनिटे तरी दमवणारी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरीही दहावीच्या वर्गाचा खेळाचा तास जादा गणिताला देण्याची पद्धत कितीतरी शाळांत रुळली आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसऱ्या सत्राचे वेळापत्रक लागेल. वाचकांत जे मुख्याध्यापक, शाळा समितीचे सदस्य आणि पालक असतील त्यांना कळकळीची विनंती आहे: तो तास मुलांना परत द्या आणि स्पर्धेला गेलेल्या मुलाच्या बुडालेल्या अभ्यासाची जबाबदारी एका शिक्षकाच्या नावावर लेखी लावा.