हसू येतं तिथं थांबा

घरी मुलांना विज्ञान शिकवताना जे हसू पिकतं, ते बहुतेक घरांत पाहुण्यांना सांगायच्या किश्शांत जमा होतं. झाडं हलतात म्हणून वारा सुटतो, चंद्र आमच्या गाडीमागून येतो, फ्रीजमधून काढलेल्या बाटलीतून पाणी झिरपतं. ही उत्तरं घरोघरी थोड्याफार फरकाने सारखीच असतात, आणि विचार करण्याजोगा आहे तो हा सारखेपणा. मुलं नुसतं तोंडाला येईल ते बोलत असती, तर उत्तरं वाट्टेल तिकडे भरकटली असती. ती पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी येतात, कारण दिसतंय त्यावरून मुलं अनुमान काढत असतात. पुरावा अपुरा असतो, तर्क मात्र बऱ्याचदा चोख असतो.

हे ओळखायला मोठ्यांना बराच काळ लागला. डार्विनने आपल्या मुलाच्या बाळपणीच्या नोंदी १८७७ साली छापल्या, पण त्या मुख्यतः भावना आणि हालचालींच्या होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये बुद्धिमापन चाचण्यांवर काम करताना जाँ पियाजेला बरोबर उत्तरांपेक्षा चुकीची उत्तरं जास्त बोलकी वाटली. १९२६च्या त्याच्या पुस्तकात सूर्य, चंद्र, स्वप्नं यांविषयीच्या मुलांच्या कल्पना सविस्तर येतात. उत्तर ऐकून न थांबता 'असं का वाटतं?' हा पुढचा प्रश्न विचारायचा, ही त्याची पद्धत. १९९२ साली स्टेला व्होस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर यांनी अमेरिकेतल्या ६० प्राथमिक विद्यार्थ्यांना अशाच खोदून खोदून प्रश्न विचारले. पृथ्वी गोल आहे, हे बहुतेकांना पाठ होतं. पण सरळ चालत राहिलं तर टोकावरून पडू का, असं विचारल्यावर काहींचं म्हणणं पडलं, की पडायचा प्रश्नच नाही, आपण गोळ्याच्या आत सपाट जमिनीवर राहतो. ऐकणाऱ्याची हसून पुरेवाट व्हावी असं हे उत्तर. पण पुस्तकातला गोल आणि पायाखालची सपाट जमीन, दोन्ही खरी धरली तर यापेक्षा वेगळी जुळवाजुळव करून दाखवणं सोपं नाही. पुढे १९९६ साली हैदराबादच्या मुलांवरचा असाच अभ्यास छापून आला. तिथल्या काही मुलांची पृथ्वी पाण्यावर तरंगत होती. आजूबाजूला ऐकलेल्या गोष्टीही पुराव्यात सामील होतात, त्या अशा.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पोर सहज बोलून जातं आणि मोठे त्यात सिद्धांत शोधत बसतात. चित्र काढायला लावून, अवघडून टाकणारे प्रश्न विचारून मुलांकडून अशी उत्तरं वदवली जातात, अशी टीका संशोधकांनीही केली आहे. ती मान्य करूनही मुद्दा उरतो, कारण उत्तर खोलवर रुजलेलं आहे की वाऱ्यावरचं, हे पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय कळणारच नाही. दुसरा आक्षेप असा, की चूक तिथल्या तिथे सुधारली नाही तर ती पक्की होते. अनुभव उलटा आहे. १९८७च्या 'अ प्रायव्हेट युनिव्हर्स' या माहितीपटात हार्वर्डचे नवे पदवीधर सांगताना दिसतात, की पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा येतो. शाळेने त्यांना बरोबर उत्तर दिलंच होतं. जुनी समजूत कुणी बाहेर काढून तपासली नव्हती, म्हणून ती आतल्या आत टिकली.

तपासायचं कसं, याचा नमुना १९९० साली मॅसॅच्युसेट्समधल्या चौथीच्या एका वर्गाविषयी लिहिला गेला. स्वेटर ऊब निर्माण करतो, असं मुलांचं ठाम मत. बाईंनी खोडून न काढता थर्मामीटर स्वेटरांत गुंडाळून ठेवू दिले. पारा हलला नाही, तेव्हा मुलांनी स्वेटरवरचा विश्वास न सोडता गार हवा आत शिरली असणार असा ठपका ठेवला आणि बंदोबस्त वाढवून प्रयोग पुन्हा लावला. हसण्यासारखं आहे खरं, पण आवडता सिद्धांत वाचवण्यासाठी मोठे शास्त्रज्ञही हेच करत आले आहेत. आपल्याकडे हाच प्रयोग स्वस्तात होतो. बर्फाचे दोन सारखे खडे घ्यायचे, एक उघडा ठेवायचा, दुसरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून गोधडीत गुंडाळायचा. गोधडीतला आधी वितळेल, अशी पैज मुलं हमखास लावतात. बर्फाची लादी भुशात आणि गोणपाटात का ठेवतात, हे मग वेगळं समजावावं लागत नाही.

२०२० साली शाळा बंद झाल्यावर आईवडिलांना हे सगळं घरबसल्या ऐकायला मिळालं. वेळ नसतो, ही त्यांची तक्रार खरीच. पण बरोबर उत्तर सांगायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढ्यातच 'मग रात्री झाडं हलत नसताना वारा कुठून येतो?' असं विचारून होतं. हसायला हरकत नाही. फक्त तो प्रश्न विचारून झाल्यावर हसावं, नाहीतर पुढच्या वेळी मूल डोक्यातलं उत्तर न देता पुस्तकातलं देईल.