वाइन-आस्वादन, वर्षवार
वाइन-आस्वादन, वर्षवार : एकाच मळ्यातील निरनिराळ्या वर्षांच्या वाइन शेजारीशेजारी चाखून केलेली तुलना. मळा तोच असल्याने फरक मुख्यतः त्या त्या वर्षीच्या हवामानामुळे व वाइनच्या वयामुळे पडतो. वय वाढते तसा तांबड्या वाइनचा जांभळट रंग विटकरी होतो. टॅनिनाचा तुरटपणा निवळतो व तळाशी साका बसतो. म्हणून बाटली आधी उभी ठेवून वाइन सावकाश ओततात. फ्रान्सच्या बॉर्दो प्रदेशात १९६१ मध्ये पीक थोडे आले, पण द्राक्षे उत्तम पिकली. शातो लातूर मळ्याची त्या वर्षीची वाइन दीर्घकाळ टिकली. १९६३ च्या पावसाळी हंगामातील बहुतेक तांबड्या वाइन पातळ निघाल्या. जुनी वाइन श्रेष्ठच असते, हा समज अशा तुलनेत टिकत नाही.