रिपोर्टात विषाणू नाही, मग गोळी कशाला?

वस्तीत हा प्रश्न दबक्या आवाजातच विचारला जातो. एआरटी सेंटरच्या 'व्हायरल लोड' रिपोर्टवर 'विषाणू आढळला नाही' असं आलं की घरादाराला हायसं वाटतं, आणि वाटायलाच हवं. पण त्याच आनंदात काही जण गोळी बंद करतात. तिथेच घात होतो.

ही तपासणी रक्ताच्या पातळ भागात मोकळे फिरणारे विषाणू मोजते. पेशीच्या आत दडलेला विषाणू तिला दिसत नाही. एचआयव्ही 'सीडी ४' नावाच्या पांढऱ्या पेशीत शिरतो आणि तिच्या जनुकांतच स्वतःची जनुकं मिसळतो. अशा काही पेशी पुढे झोपी जातात. गोळी विषाणूची नवी पैदास थांबवते, झोपलेल्या पेशीतला विषाणू मात्र तसाच राहतो. काळ्या रानातली हरळी वरून खुरपली तरी खाली काशा राहतातच ना, तसं.

अशा पेशी असतात किती? १९९७ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी नियमित औषध घेणाऱ्यांच्या रक्तातल्या झोपलेल्या पेशी प्रयोगशाळेत जाग्या केल्या आणि कितींतून जिवंत विषाणू बाहेर पडतो ते मोजलं. उत्तर आलं, साधारण दहा लाखांत एक. ज्याचा सीडी ४ पाचशे आहे, त्याच्या एक मिलिलिटर रक्तात या पेशी पाच लाख. म्हणजे पाच मिलिलिटरच्या नळीत दोन-तीनच पेशी सापडायच्या! त्यांच्यासाठी पुष्कळ रक्त आणि बरेच दिवस लागतात, म्हणून ही मोजणी संशोधनापुरतीच होते.

औषध चालू असताना ही संख्या घटते, पण फार हळू. निम्मी व्हायलाच साधारण पावणेचार वर्षं, आणि संपायला सत्तरच्या वर. गोळी सोडली तर एवढ्याशा पेशीही पुरतात. बहुतेकांच्या रक्तात दोन-चार आठवड्यांत विषाणू पुन्हा दिसू लागतो. घेणं-सोडणं चालू ठेवलं तर तो औषधालाही जुमानत नाही.

मग त्या रिपोर्टाला काही किंमत नाही का? मोठी आहे. गोळी रोज चालू आणि विषाणू सतत न सापडण्याइतका कमी असेल, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. एका ताटात जेवल्यानं किंवा विहारात मांडीला मांडी लावून बसल्यानं तर ती कधीच होत नव्हती.

गंगाखेड, सोनपेठकडून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणाऱ्यांची खरी अडचण गोळ्या संपण्याची. निघण्याआधी सेंटरवर सांगा. तब्येत स्थिर असेल तर दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात, आणि कारखान्याजवळच्या सेंटरवरून पुढच्या घेण्याची सोयही विचारून घ्या. मुकादमाला आजार सांगायची सक्ती कोणी करू शकत नाही, २०१७ चा एचआयव्ही कायदा तसं म्हणतो. शंका असेल तर १०९७ या मोफत नंबरवर विचारा, नाव सांगावं लागत नाही.