नव्या कंट्रोलरची उत्सुकता आणि धास्ती

नवा गेम कन्सोल येणार अशी बातमी आली की पहिली चर्चा होते ती त्याच्या वेगाची, चित्रांच्या स्पष्टतेची आणि किमतीची. खेळणाऱ्याचा खरा संबंध मात्र त्या पेटीशी फारसा येत नाही. ती टीव्हीखाली ठेवली की दिवसातून एकदा सुरू करण्यापुरता तिला हात लागतो. तासन्‌तास हातात राहतो तो कंट्रोलर. त्यामुळे कन्सोलपेक्षाही त्याच्या कंट्रोलरबद्दल अधिक उत्सुकता असावी आणि तितकीच धास्तीही वाटावी, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल. सोनी कंपनीच्या 'प्लेस्टेशन ५'च्या वेळी भारतातील ग्राहकांनी या दोन्ही भावना नेहमीपेक्षा अधिक काळ अनुभवल्या.

या कन्सोलचा 'ड्युअलसेन्स' हा कंट्रोलर कंपनीने ७ एप्रिल २०२० रोजी प्रथम जगासमोर आणला. देशात तेव्हा टाळेबंदी होती. अमेरिका, जपान आदी देशांत १२ नोव्हेंबर २०२० रोजी विक्री सुरू झाली. भारतात मात्र त्यासाठी २ फेब्रुवारी २०२१ उजाडावा लागला. म्हणजे छायाचित्र पाहिल्यापासून वस्तू हाती येईपर्यंत जवळपास दहा महिने गेले. एरवी ग्राहक दुकानात जाऊन वस्तू हाताळतो, बटणे दाबून पाहतो. नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात साधा टीव्हीचा रिमोट घेतानाही कोणी तो दाबून पाहिल्याशिवाय पैसे मोजत नाही. येथे मात्र तशी सोयच नव्हती. १२ जानेवारी २०२१ रोजी दुपारी आगाऊ नोंदणी सुरू झाली आणि काही मिनिटांतच साठा संपला. ज्यांना कन्सोल मिळाला, त्यांनी तो न हाताळताच घेतला होता.

उत्सुकतेचे कारण समजून घ्यायचे तर या यंत्राच्या पोटात काय बदलले हे पाहावे लागते. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडून खेळायचे 'व्हिडीओ गेम' अनेक घरांत आले. त्यांच्या कॅसेटी मित्रांमध्ये फिरत. त्या चपट्या कंट्रोलरवर चार दिशांचे एक बटण आणि दाबण्याची दोन-चार बटणे एवढाच कारभार होता. १९९७ मध्ये सोनीने 'ड्युअलशॉक' आणला. त्यात एका बाजूला जड असलेले चाक मोटारीने फिरवून कंट्रोलर थरथरवला जाई. पडद्यावर स्फोट झाला की हात थरथरे. ही थरथर मात्र साधारण एकाच जातीची असे. 'ड्युअलसेन्स'मध्ये अशा मोटारींऐवजी ध्वनिक्षेपकातील गुंडाळीसारखी रचना वापरण्यात आली. ध्वनिक्षेपकात विद्युतप्रवाहाच्या चढउतारानुसार पडदा हलतो आणि आवाज निर्माण होतो. येथे तोच प्रवाह बोटांना जाणवणारे कंपन निर्माण करतो. वाळूवरून चालणे वेगळे आणि काचेवरून घसरणे वेगळे, असा भेद तळहाताला कळावा ही त्यामागची कल्पना.

दुसरा बदल मागच्या बाजूच्या दोन खटक्यांचा. या प्रत्येक खटक्यामागे एक छोटी मोटार आणि दातेरी चक्र बसवले आहे. खेळातील प्रसंगानुसार ते खटक्याला विरोध करते. धनुष्याची दोरी ताणताना बोटावर ताण वाढत जातो, बंदुकीचा घोडा एका ठरावीक बिंदूवर अडतो आणि मग सुटतो. वर्णन ऐकून कोणाच्याही मनात कुतूहल निर्माण व्हावे असेच हे होते.

पण जितके हलणारे भाग अधिक, तितके बिघडण्याचे प्रसंग अधिक, हे सायकल दुरुस्त करणाराही सांगेल. विक्रीपूर्वीच्या शंका नेमक्या येथूनच सुरू झाल्या. इतक्या मोटारी आणि कंपने चालवायची तर बॅटरी टिकेल काय? कंपनीने बॅटरीची क्षमता आधीच्या कंट्रोलरच्या १००० वरून १५६० मिलीअँपिअर-तासांवर नेली होती. परंतु खर्चही वाढलेला असल्याने प्रत्यक्षात किती फरक पडेल याचे उत्तर कागदावरून मिळण्यासारखे नव्हते. वजनही सुमारे २१० ग्रॅमवरून २८० ग्रॅमवर गेले. लहान मुलांच्या हाताला ते पेलेल काय, ही शंका पालकांना येणे रास्तच होते. आतमध्ये मायक्रोफोन बसवल्याने खासगीपणाचाही प्रश्न निघाला. कंपनीने तो बंद करण्याचे स्वतंत्र बटण दिले हे योग्यच झाले. अन्यथा स्वयंपाकघरातून दिलेली जेवणाची हाक सातासमुद्रापारच्या प्रतिस्पर्ध्यालाही ऐकू गेली असती! जपानमध्ये तर वेगळीच कुरबुर झाली. तेथे 'होय' म्हणण्यासाठी गोलाचे बटण दाबण्याची पंचवीस वर्षांची सवय होती. ती मोडून जगभरच्याप्रमाणे फुलीचे बटण ठरवण्यात आले.

भारतीय ग्राहकाच्या दृष्टीने अधिक बोचणारी गोष्ट वेगळी होती. जुन्या 'प्लेस्टेशन ४'चा कंट्रोलर नव्या कन्सोलला जोडता येईल, पण त्यावर केवळ जुने खेळ खेळता येतील, असे कंपनीने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. पेटीसोबत कंट्रोलर एकच मिळतो. घरात दोन भावंडे असतील तर दुसरा घेणे आलेच, आणि त्याची भारतातील किंमत होती ५,९९० रुपये. कन्सोल ४९,९९० रुपयांचा. म्हणजे दोघांनी एकत्र खेळायचे तर जवळपास ५६ हजार रुपयांचा हिशेब. कन्सोलवरील वस्तू व सेवा कर १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता, तरीही ही रक्कम मध्यमवर्गीय कुटुंबाला हप्त्यांचा विचार करायला लावणारीच आहे. एवढे मोजून घेतलेली वस्तू किती काळ टिकणार, हा प्रश्न त्यामुळे हौसेचा उरत नाही.

विक्रीपूर्वीच्या अशा शंका नेहमीच खऱ्या ठरतात असे नाही. सप्टेंबर २००५ मध्ये निन्टेंडोचे तत्कालीन अध्यक्ष सातोरू इवाता यांनी टोकियोत टीव्हीच्या रिमोटसारखा दिसणारा कंट्रोलर दाखवला तेव्हा अनेकांनी भुवया उंचावल्या. एका हाताने हवेत फिरवून खेळायचे हे कोणाला मानवेल, असा सूर होता. पुढे 'वी' या नावाने आलेल्या त्या कन्सोलची जगभरात दहा कोटींहून अधिक विक्री झाली. शंका घेणाऱ्यांनी यंत्राच्या आकाराची काळजी केली. घोटाळा झाला तो मनगटाला बांधायच्या दोरीत. उत्साहाने हात फिरवताना दोरी तुटून कंट्रोलर भिरकावला जाऊ लागला आणि डिसेंबर २००६ मध्ये कंपनीला ३२ लाख दोऱ्या बदलून द्याव्या लागल्या. नवी दोरी ०.६ ऐवजी १ मिलिमीटर जाडीची होती. कोट्यवधींच्या संशोधनातून निघालेल्या यंत्राची अब्रू अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी फरकाने गेली!

सोनीचाही असा इतिहास आहे. २००५ मध्ये 'प्लेस्टेशन ३'साठी दाखवलेला बूमरँगच्या आकाराचा कंट्रोलर एवढ्या टीकेचा धनी झाला की तो बाजारात आलाच नाही. त्याजागी आलेल्या कंट्रोलरमध्ये थरथरच नव्हती. त्या काळात कंपनीचा 'इमर्शन' या कंपनीशी याच तंत्राच्या पेटंटवरून न्यायालयात वाद सुरू होता. मायक्रोसॉफ्टचा २००१ मधील पहिला 'एक्सबॉक्स' कंट्रोलर इतका अवजड होता की जपानसाठी लहान आवृत्ती काढावी लागली आणि पुढे तीच सर्वत्र रूढ झाली. आकाराच्या चुका या अशा लगेच दिसतात, त्यामुळे त्या सुधारल्याही जातात. आत दडलेल्या भागाचे तसे होत नाही.

'ड्युअलसेन्स'च्या बाबतीत हेच घडले. खटके, बॅटरी, वजन यांवर दहा महिने चर्चा झाली. पुढे तक्रारींचा मोठा विषय ठरला तो अंगठ्याने फिरवायच्या दांडीचा, ज्यात नवे असे काहीच नव्हते. या दांडीच्या तळाशी एकमेकांना काटकोनात दोन छोटे बदलते रोधक असतात. प्रत्येकात कार्बनचा लेप दिलेली पट्टी आणि तिच्यावरून घासत जाणारा धातूचा स्पर्शक असतो. स्पर्शक पट्टीवर कोठे आहे यावरून दांडी किती झुकली हे यंत्राला कळते. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणातही हीच रचना असे. ते बटण काही वर्षांनी फिरवताना खरखर करू लागे, हे अनेकांना आठवत असेल. कार्बन झिजतो, त्याची भुकटी साचते आणि संकेत भरकटतो. कंट्रोलरमध्ये मात्र खरखर ऐकू येत नाही. अंगठा न लावताही पडद्यावरचा खेळाडू आपोआप एका दिशेला चालू लागतो. यालाच 'ड्रिफ्ट' म्हणतात.

अमेरिकेतील 'आयफिक्सिट' या दुरुस्तीतज्ज्ञ संस्थेने फेब्रुवारी २०२१ मध्ये हा कंट्रोलर उघडून पाहिला. दांडीचा भाग अल्प्स या जपानी कंपनीचा होता आणि त्याचे नमूद आयुष्य २० लाख आवर्तने. आकडा मोठा वाटतो, परंतु धावपळीच्या खेळात अंगठा अखंड फिरत असतो. संस्थेच्या हिशेबानुसार अशा खेळाच्या सुमारे ४१७ तासांतच ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. रोज दोन तास खेळणाऱ्याचे हे जेमतेम सात महिने झाले. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात सोनीविरुद्ध याच दोषावरून सामूहिक दावा दाखल झाला. भारतात तेव्हा पहिल्या ग्राहकांच्या हाती नुकताच कन्सोल पडत होता.

वास्तविक ही धोक्याची घंटा आधीच वाजली होती. निन्टेंडोच्या 'स्विच' या २०१७ मधील कन्सोलचे 'जॉय-कॉन' कंट्रोलर याच आजाराने ग्रासले होते. जून २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली, तर जानेवारी २०२१ मध्ये युरोपातील ग्राहक संघटनांच्या महासंघाने सुमारे २५ हजार तक्रारींसह युरोपीय आयोगाचे दार ठोठावले. एवढे होऊनही नव्या कंट्रोलरच्या स्वागतात दांडीविषयी फार थोड्यांनी विचारले. चुंबकाच्या साहाय्याने, घर्षणाशिवाय स्थान ओळखणारी दांडी हा उपाय १९९८ च्या सेगा 'ड्रीमकास्ट'मध्येही होता. तरीही मोठ्या कंपन्या जुन्याच रचनेला चिकटून राहिल्या, याचे समाधानकारक स्पष्टीकरण ग्राहकांना मिळालेले नाही. ५ जून २०२५ रोजी आलेल्या 'स्विच २'च्या विक्रीपूर्वी मात्र हा प्रश्न सर्वप्रथम विचारला गेला. चुंबकीय दांडी वापरलेली नाही, असे कंपनीला विक्रीपूर्वीच सांगावे लागले. सोनीनेही जानेवारी २०२३ मध्ये 'ड्युअलसेन्स एज' काढून त्यात दांडीचा भाग स्वतंत्रपणे बदलण्याची सोय केली. पण अमेरिकेत त्याची किंमत २०० डॉलर ठेवली. झिजणारा भाग बदलता येणे ही चैन समजायची काय?

नागपूरच्या ग्राहकाला यात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. येथील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि घरोघरी खिडकीला वाळ्याच्या ताट्यांचे कूलर लागतात. कूलर बाहेरची हवा ओढतो. तिच्यासोबत धूळ आणि दमटपणा खोलीत येतो. शाळेच्या सुट्ट्याही नेमक्या याच दिवसांत असतात. म्हणजे खेळ सर्वाधिक, हाताला घाम सर्वाधिक आणि हवेत धूळही सर्वाधिक. दांडीच्या फटीतून आत जाणारे धुळीचे कण ड्रिफ्टला हातभार लावतात. वापर नसताना कंट्रोलर झाकून वा डब्यात ठेवणे हा त्यावरचा सोपा उपाय. झीज त्याने थांबत नाही, पण लांबते. सेटिंगमध्ये जाऊन खटक्यांचा विरोध आणि कंपने कमी करता येतात, त्याने बॅटरीही अधिक टिकते.

बिघाड झालाच तर खरेदीच्या पावतीला मोल येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. वस्तू मुंबईच्या विक्रेत्याकडून इंटरनेटवर मागवली असली तरी नागपूरचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग त्याला मोकळा आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारीला शुल्कही नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर तक्रार नोंदवता येते. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळही सुरू केले आहे. 'स्विच'सारख्या, भारतात अधिकृतपणे न विकल्या जाणाऱ्या कन्सोलची गोष्ट वेगळी. तो परदेशातून कोणाच्या तरी सामानातून येतो वा आयातदाराकडून विनापावती मिळतो. त्याची दांडी भरकटली तर कंपनीची हमी येथे उपयोगी पडेल याचा भरवसा धरता येत नाही.

पुढील पिढीच्या कन्सोलचा कंट्रोलर केव्हातरी जाहीर होईल आणि पुन्हा रंग, आकार व नव्या कंपनांची वर्णने सुरू होतील. तेव्हा विचारायचे प्रश्न तीनच : दांडी घासणारी की चुंबकीय, हमी किती काळाची, आणि बिघडल्यास तो भाग नागपुरात बदलून मिळेल काय?