नोकरदार फुटबॉलपटू : नेव्हिल डिसूझा

आमच्या राणीसावरगावात खेळाचा विषय निघाला की तो सहसा कुस्ती आणि कबड्डी यांच्यापुढे जात नाही. कोणी फुटबॉलचे नाव काढलेच, तर पारावरची जाणती माणसे एकच प्रश्न विचारतात : "अहो, त्यानं पोट भरतं का?" हा प्रश्न अरसिकपणाचा आहे, असे आम्हांला मुळीच वाटत नाही. ज्याच्या घरी चार एकर कोरडवाहू जमीन, त्याने तो विचारायचा नाही तर कोणी? तेव्हा त्याचे उत्तर एका थोर खेळाडूच्या आयुष्यात शोधून पाहू.

1 नोव्हेंबर 1956 रोजी आपला परभणी जिल्हा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, 1 डिसेंबरला, मेलबर्नच्या ऑलिम्पिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला 4-2 असे हरविले. चारांपैकी तीन गोल मुंबईच्या एका तरुणाचे होते आणि संघाला शिकविणारा गुरू होता हैदराबादचा. आपले जुने राज्य आणि नवे राज्य त्या दिवशी एकाच मैदानावर उतरले होते म्हणाना! तरुणाचे नाव नेव्हिल डिसूझा आणि गुरू सय्यद अब्दुल रहीम. हे रहीमसाहेब पेशाने शाळामास्तर.

नेव्हिलचा जन्म 1932 सालचा, गोव्यातील बार्देशच्या आसगावचा. पण त्याचे नाव झाले ते मुंबईत. 1954 साली मुंबईने संतोष करंडक जिंकला, त्या संघात तो होता. खेळायचा आघाडीच्या मधल्या जागी. ही जागा बाहेरून पाहणाऱ्याला सोपी वाटते. पाच जणांना चकवून चेंडू नेणारा खेळाडू टाळ्या घेतो. मधला गडी मात्र बराच वेळ नुसता इकडे-तिकडे फिरताना दिसतो. त्याचे खरे कसब, चेंडू जिथे पडणार तिथे चेंडूच्या आधी पोहोचण्यात असते. पायांइतकेच हे काम डोळ्यांचे आहे. शिवाय उजव्या बाजूला प्रदीपकुमार बॅनर्जींसारखा चेंडू पुरविणारा लागतो, तो ह्या संघात होता.

मेलबर्नच्या त्या सामन्यात नेव्हिलने नवव्या, तेहतिसाव्या आणि पन्नासाव्या मिनिटाला गोल केले, चौथा किट्टूचा. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू ठरला. याची किंमत कळण्यासाठी चार वर्षे मागे जावे लागते. 1952 साली हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने आपला 10-1 असा धुव्वा उडविला होता. आपले बरेचसे गडी तेव्हा अनवाणी खेळत. त्या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले. आपल्याकडचे सामनेही 70 मिनिटांचे, आणि बाहेर खेळायचे 90. शेवटच्या वीस मिनिटांत दम कुठून आणायचा? रहीमसाहेबांनी ह्याच उणिवांवर मेहनत घेतली. मेलबर्नला उपान्त्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर आला. पहिला गोल भारताचा, तोही नेव्हिलचा! पुढे चार गोल खाऊन आपण हरलो, आणि बल्गेरियाकडून 3-0 हार पत्करून चौथे आलो. पण 10-1 आणि 4-1 यांत अंतर आहे की नाही? स्पर्धेत सर्वांत जास्त, म्हणजे चार, गोल करणाऱ्या तिघांत नेव्हिल होता. उरलेल्या दोघांपैकी एक युगोस्लाव्हियाचा, दुसरा बल्गेरियाचा.

आता पोटाचा प्रश्न. इंग्लंडमध्ये त्या काळीही खेळण्याबद्दल पगार मिळे. आपल्याकडे खेळाडू हौशी. चेंडूला लाथ मारल्याबद्दल त्याला पैसा घ्यायचा नाही. वाट निघाली ती कंपन्यांच्या संघांतून. मोठी कंपनी चांगल्या खेळाडूला कामावर घेई आणि तो तिच्या संघाकडून खेळे. नेव्हिल टाटा स्पोर्ट्‌स क्लबकडून आणि पुढे कॅल्टेक्सकडून खेळला. 1958 साली कॅल्टेक्सने रोव्हर्स करंडक जिंकला, तो त्याच्याच काळात. अशा खेळाडूचा दिवस सकाळच्या सरावाने सुरू व्हायचा, मग कचेरी, आणि पावसाळ्यात कूपरेजच्या चिखलात सामने. मिळकत इतर नोकरदारांसारखीच. पाय मोडला तरी नोकरी राहील, हाच काय तो आधार. तोही आमच्या मते लहान नव्हे. आजच्या खेळाडूंचे करार पाहून ह्या व्यवस्थेला हसणे सोपे आहे. पण त्या नोकऱ्या नसत्या तर मेलबर्नपर्यंत पोहोचले असते किती जण?

मानसन्मानाच्या बाबतीत मात्र हिशेब तोकडा पडला. 1961 साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी तो प्रदीपकुमारांना मिळाला. नेव्हिलच्या वाट्याला तो कधीच आला नाही. 1980 साली मुंबईत त्याचे निधन झाले, तेव्हा तो 47 वर्षांचा होता. नोकरदाराच्या हिशेबाने अजून निवृत्तीचे वयही झालेले नव्हते.